डोंगर आपला, गणित परक्याचे

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि पुढे त्यांनाही मृत गृहीत धरण्यात आले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती, बचावपथके चिखलाची पाऊलवाट तुडवीत वर चढली. ही सारी दृश्ये दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी विधानसभेत जे एक वाक्य सांगितले गेले, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते.

नाव नव्हते म्हणजे कोणी हलगर्जी केली, असा निष्कर्ष लगेच काढण्याचे कारण नाही. अशा याद्या बहुधा पूर्वीच्या घटनांवरून आणि प्रत्यक्ष पाहणीवरून होतात. जेथे दरड आधी कोसळली, जेथे जमिनीला भेगा दिसल्या, ते गाव यादीत येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ मध्ये देशभरातील डोंगराळ प्रदेशाच्या दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो मोठ्या निष्ठेने पुढे नेला. परंतु ते नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणातले आहेत. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. चाळीस-पन्नास घरांची ठाकरवाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरांत संपते. शिवाय नकाशा स्थिर असतो. कोणता उतार दुबळा आहे हे तो सांगतो. तीन दिवसांत पाचशे मिलिमीटर पाऊस झाल्यावर त्या उताराचे काय होईल, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते काम गणिताचे आहे, आणि आजच्या काळात ते गणित संगणकावर मांडले जाते. प्रश्न एवढाच, की ते मांडणार कोण?

डोंगराचे गणित मांडता येते, ही कल्पना नवी नाही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने युटा प्रांतातील हेन्री पर्वतांचा अहवाल १८७७ मध्ये लिहिला, तेव्हाच उतार, पाणी आणि झीज यांचे परस्परनाते त्याने नियमांच्या भाषेत सांगितले होते. नदी जेवढे अधिक पाणलोट गोळा करते आणि जेवढ्या तीव्र उताराने वाहते, तेवढी ती तळ अधिक कापते; डोंगरमाथ्यावरची माती उताराच्या प्रमाणात खाली सरकत राहते; खडकाची माती होण्याचा वेग मातीच्या थराच्या जाडीवर अवलंबून असतो. असे पाच-सहा नियम हाती आले, की डोंगराच्या पृष्ठभागाची चौकटी-चौकटींत विभागणी करावयाची, प्रत्येक चौकटीची उंची नोंदवावयाची, आणि पाणी व माती एका चौकटीतून दुसरीत कशी जाते याचा हिशेब संगणकाकडून पुन्हापुन्हा करून घ्यावयाचा. हिशेबाची पावले वर्षांची असोत वा मिनिटांची, रीत तीच. यालाच भूपृष्ठ-प्रक्रियांचे प्रारूप म्हणजे मॉडेल म्हणतात.

अडचण होती ती वेगळीच. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळा आपले स्वतःचे प्रारूप स्वतः लिहीत असे. एखादा संशोधक विद्यार्थी चार-पाच वर्षे खपून हजारो ओळींचा प्रोग्राम लिही, त्यावर पदवी मिळवी आणि निघून जाई. मागे राहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कोणाला उलगडत नसे. पुढचा विद्यार्थी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करी. कामाची ही उधळपट्टी थांबविण्यासाठी २००७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून कोलोराडो विद्यापीठात, बोल्डर येथे, एक सामायिक व्यवस्था उभी राहिली. 'सीएसडीएमएस' हे तिचे लघुनाम. जेम्स सिव्हिट्स्की हे तिचे पहिले संचालक. जगभरच्या संशोधकांनी आपली प्रारूपे एका ठिकाणी आणून ठेवावीत, त्यांची जोडणी एकमेकांशी व्हावी, आणि कोणालाही ती उघडून पाहता यावीत, हा तिचा हेतू.

त्याच परिसरातून 'लॅन्डलॅब' आले. बोल्डरचे ग्रेग टकर, न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठातील निकोल गॅस्परिनी आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील एर्कान इस्तानबुलुओग्लू या तिघांच्या गटांनी मिळून ते उभारले. त्याची सविस्तर मांडणी करणारा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टकर आणि गॅस्परिनी यांनी त्याआधी 'चाइल्ड' नावाचे एक प्रारूप सी प्लस प्लस भाषेत लिहिण्यात भाग घेतला होता. ते उत्तम होते, पण एकसंध होते. त्यातला एक भाग बदलावयाचा तर सारे घर हलवावे लागे. लॅन्डलॅबची रचना उलट आहे. पायथन या सोप्या भाषेत लिहिलेले हे एक प्रारूप नसून प्रारूपे जुळविण्याचे साहित्य आहे. चौकटींची जाळी तयार मिळते. पाऊस, ओघळ, नदीची धूप, मातीची सरकण, वनस्पती, दरड, असे एकेक घटक सुटे मिळतात. हवे ते निवडावे, जाळीवर बसवावेत, नसेल तो घटक स्वतः लिहावा. सुताराच्या पेटीसारखी ही व्यवस्था आहे. पेटी दुसऱ्याने दिली तरी खुर्ची कोणत्या घाटाची करावयाची हे सुतारच ठरवितो.

यातील दरडीचा घटक विशेष पाहण्यासारखा आहे. उतारावरच्या मातीला खाली ओढणारे बल आणि तिला धरून ठेवणारे बल यांचे गुणोत्तर काढणे हे स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेले गणित आहे. माती किती खोल, तिचे घर्षण किती, झाडांची मुळे तिला किती बांधून ठेवतात, उतार किती अंशांचा, पाणी किती मुरले. एवढे कळले की गुणोत्तर निघते आणि ते एकाच्या खाली गेले की उतार टिकत नाही. पण डोंगरावर हे आकडे नेमके कोणाला माहीत असतात? म्हणून हा घटक एकच आकडा गृहीत धरीत नाही. संभाव्य आकड्यांच्या मर्यादेतून तो हजारो वेळा निरनिराळे आकडे उचलतो, प्रत्येक वेळी गणित करतो, आणि कितीदा उतार ढासळला ते मोजून शक्यता सांगतो. वॉशिंग्टन राज्यातील नॉर्थ कॅस्केड्स राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर याचा प्रयोग झाला. ३० मीटरच्या चौकटींनी सारा प्रदेश व्यापून प्रत्येक चौकटीची दरडीची शक्यता काढली गेली, आणि २०१८ मध्ये ती पद्धत शोधनिबंधरूपाने मांडली गेली. पन्नास हजारास एक या नकाशात हरवणारी वाडी ३० मीटरच्या चौकटींत हरवत नाही.

हे सारे मुक्तस्रोत आहे. म्हणजे केवळ फुकट आहे असे नव्हे. मुक्तस्रोत म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ संहिता, जिला व्यवहारात कोड म्हणतात, ती कोणालाही वाचता येते, बदलता येते, बदललेली पुन्हा वाटता येते. फुकट परंतु बंद असलेली सॉफ्टवेअरेही असतात; अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचे नदीप्रवाहाचे 'हेक-रास' जगभर विनामूल्य वापरले जाते, पण त्याचा कोड खुला नाही. आणि पैसे मोजूनही बंदच राहणारी तर असंख्य. कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याने जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पूर-अंदाज व धरण-परिचालनाची जी प्रणाली उभी केली, तिच्या गाभ्याशी डेन्मार्कच्या संस्थेचे 'माइक' हे सॉफ्टवेअर होते. ते जगात नावाजलेले आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याचा कोड बंद, आणि दृष्टीआड सृष्टी हा न्याय येथे परवडणारा नाही.

का परवडणारा नाही, हे सांगलीकरांना वेगळे सांगावे लागू नये. २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली-कोल्हापूर बुडाले का, हा प्रश्न पेटला. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला दोष दिला नाही. लोकांचे समाधान झाले नाही. पुढे हाच प्रश्न रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडेही गेला. दोन राज्ये, दोन शासने, आणि मध्ये एक नदी. अशा वादात पुराव्याचे मोठे ओझे संगणकीय प्रारूपावर पडते. आता एका पक्षाने मांडलेले प्रारूप दुसऱ्या पक्षाला उघडून तपासता येत नसेल, तर त्याच्या निष्कर्षावर विश्वास कोण ठेवणार? न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. प्रारूपाची उलटतपासणी कोड वाचूनच होते. निदान सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक निर्णयासाठी केलेले गणित सार्वजनिक असावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्याची आठवण निविदा काढताना किती कार्यालयांना होते, हा भाग निराळा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग काय अडले आहे? लॅन्डलॅब उतरवून घ्यावे, सह्याद्रीचा नकाशा त्यात घालावा, झाले. नेमका येथेच मोठा भ्रम आहे. फुकट ते पौष्टिक ही म्हण सॉफ्टवेअरला लागू होत नाही. नॉर्थ कॅस्केड्समध्ये सूचिपर्णी अरण्य आहे, हिवाळ्यात बर्फ आहे, त्या मातीचा इतिहास वेगळा आहे. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे थरावर थर, मधून लाल मातीचे पट्टे, कोकणाच्या अंगाला माथ्यावर जांभा, आणि चार महिन्यांत कोसळणारा तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस. पाणी कुजलेल्या खडकातून झिरपत घट्ट कातळाच्या पृष्ठावर येऊन साठते आणि वरचा थर अलगद उचलला जातो. या व्यवहाराचे आकडे कोलोराडोत मिळणार नाहीत. ते मिळविण्यासाठी येथल्याच मुलांनी हाती गिरमिट घेऊन उतारावर भोके पाडली पाहिजेत.

माळीणचेच उदाहरण घ्यावे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील ते गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर जी कारणमीमांसा झाली, तीत पडकईचा विषय निघाला. डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरे काढण्याची ही त्या भागातील आदिवासी शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हातांनी, थोडीथोडी केलेली पडकई माती धरून ठेवते असे जाणकार सांगत. यंत्रे लावून घाईने केलेल्या सपाटीकरणाने उतार कमकुवत झाला असा आक्षेप होता. तो सर्वांनी मान्य केला असेही नाही. हा वाद गणिताने तपासता येण्याजोगा आहे. खाचरात साठलेले पाणी किती मुरते, बांध ते किती अडवितो, खालच्या थरावर दाब किती वाढतो, हे सांगणारा घटक लिहिता येतो आणि लॅन्डलॅबच्या पेटीत तो ठेवता येतो. पण सिएटलमधल्या विद्यार्थ्याच्या स्वप्नातही पडकई येण्याचे कारण नाही. तो घटक लिहिला तर पुण्यातला, कोल्हापुरातला, दापोलीतला विद्यार्थी लिहील. नाही लिहिला तर कोणीच लिहिणार नाही.

लॅन्डलॅबच्या २०१७ च्या शोधनिबंधाला सात लेखक आहेत. त्यांतले एक नाव स्पष्टपणे भारतीय आहे. त्याच्यापुढे लिहिलेली संस्था मात्र सिएटलची. भारतीय संस्था सातांत एकही नाही. बुद्धीचा तुटवडा नाही, हे यावरून दिसतेच. बुद्धीला बसण्यासाठी पाट मांडलेला नाही, हेही दिसते.

पुण्याला या संदर्भात एक जुनी आठवण आहे. ऐंशीच्या दशकात हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, कमी क्षमतेचा देऊ केला. त्या अपमानातून १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. ही कथा अभिमानाने सांगितली जाते आणि ती तशीच सांगितली जावी. पण आजची स्थिती अधिक चमत्कारिक आहे. तेव्हा दार बंद होते म्हणून भिंत फोडून वाट काढली. आज दार सताड उघडे आहे तर उंबरठा ओलांडणारे थोडे.

थोडे, पण अजिबात नाहीत असे नव्हे, आणि जे झाले ते सांगितलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी आणि जिओसायन्स ऑस्ट्रेलिया ही तेथील सरकारी संस्था यांनी पूर आणि त्सुनामीच्या पाण्याचा जमिनीवरचा प्रवास मांडणारे 'अनुगा' नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार केले. २००४ च्या त्सुनामीत थायलंडच्या पातोंग किनाऱ्यावर पाणी कोठवर चढले होते, याच्याशी ताडून त्याची परीक्षा झाली. राष्ट्रीय महासंगणक अभियानात सी-डॅकने महानदीच्या पुराचा पूर्व-अंदाज देण्यासाठी हेच अनुगा निवडले आणि महासंगणकावर ते वेगाने चालावे म्हणून मूळ विकासकांच्या सहकार्याने त्यावर काम केले. परक्याचे साहित्य, आपली नदी, आपला महासंगणक आणि आपल्या अभियंत्यांची भर. असा हा व्यवहार आहे. यात कमीपणा नाही. ज्याने उघडून पाहिले, समजून घेतले, सुधारले, त्याचे ते झाले. आयत्या बिळावर नागोबा होण्यात आणि यात महदंतर आहे.

मग असे आणखी का होत नाही? पहिले कारण विद्यापीठांच्या कपाटात आहे. प्राध्यापकाच्या पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात, परिषदा मोजल्या जातात. दहा वर्षे टिकेल असा कोड लिहिणाऱ्याच्या खात्यावर काय जमा होते? बाहेर यावर तोडगा निघाला आहे. केवळ सॉफ्टवेअरचे परीक्षण करून ते प्रसिद्ध करणारे 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' २०१६ पासून निघते. तेथे परीक्षक निबंधाची भाषा नव्हे तर कोड तपासतात, तो चालतो का, त्याच्या चाचण्या आहेत का, नवख्याला कळेल अशी माहिती आहे का, हे पाहतात. लॅन्डलॅबचे कित्येक घटक तेथे प्रसिद्ध झाले आहेत. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचे शिक्षण देशभरच्या महाविद्यालयांत नेले, हे मोठेच काम आहे. त्याच आयआयटीच्या साधनसंपत्ती अभियांत्रिकी केंद्राने 'ग्रॅम प्लस प्लस' ही भूमाहिती प्रणाली स्वतः घडविली होती, हे आजच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? वापरणे शिकविले जाते. घडविणे आणि त्याहूनही, घडविलेले सांभाळणे, यांना मात्र मान नाही. सॉफ्टवेअर बांधकामासारखे आहे. उद्घाटनाला पाहुणे येतात, गळती काढायला कोणी येत नाही. लॅन्डलॅबमध्ये कोणीही बदल सुचविला की शेकडो चाचण्या आपोआप चालतात आणि जुने काही मोडले तर लगेच कळते. ही दक्षता पगारी माणसांमुळे राहते. स्वयंसेवेच्या उत्साहावर पहिली दोन वर्षे निघतात, दहा निघत नाहीत.

दुसरे कारण आकड्यांचे. सॉफ्टवेअर म्हणजे जाते. दाणे घातल्याशिवाय पीठ पडत नाही. 'इस्रो'ने कार्टोसॅट उपग्रहावरून केलेले ३० मीटरचे उंची-नकाशे 'भुवन'वर मिळतात, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची जुनी बंधने सैल झाली, हे स्वागतार्ह आहे. पण मातीची खोली, तिची पाणी धरण्याची क्षमता, जुन्या दरडींच्या तारखा आणि त्या दिवशीचा तासातासाचा पाऊस, हे निरनिराळ्या कार्यालयांच्या फायलींत आहे. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसविली गेली, पण मंडळाचे गाव बहुधा पायथ्याशी असते आणि पाऊस माथ्यावर अधिक पडतो. वाडी असते ती या दोहोंच्या मध्ये.

तिसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे. ज्या निधीवर बोल्डरची ही सारी व्यवस्था उभी राहिली, त्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अंदाजपत्रकात निम्म्याहून अधिक कपात सुचविणारा प्रस्ताव अमेरिकी प्रशासनाने २०२५ मध्ये मांडला. त्यावर त्यांच्या संसदेने काय करावे हा त्यांचा प्रश्न. पण जगातील भूपृष्ठ-अभ्यासाचा मोठा भाग एका परक्या देशाच्या अंदाजपत्रकातील एका ओळीवर तोलला आहे, हे त्या निमित्ताने उघड झाले. मुक्तस्रोताची गंमत अशी, की उद्या बोल्डरचे कार्यालय बंद झाले तरी कोड नाहीसा होत नाही. तो ज्याच्याजवळ आहे त्याला पुढे चालविता येतो. मात्र चालविण्याइतका तो ज्याला समजला आहे, त्यालाच.

प्रारूप लिहिल्याने दरड थांबणार नाही. प्रारूप चुकेल, कधी उगाच धोक्याची सूचना देईल, लोक एकदा-दोनदा शाळेच्या इमारतीत रात्र काढून चिडून परततील. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केले; दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरी यांच्यापासून त्या कामाची सुरुवात झाली. त्यानंतर अकराच दिवसांत वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे रात्रीत वाहून गेली. केंद्राला दोष देणे अन्यायाचे होईल. इतक्या विस्तीर्ण देशात एका केंद्राने प्रत्येक उताराचा हिशेब ठेवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. जिल्ह्याजिल्ह्यातील महाविद्यालये त्यासाठी आहेत. रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. प्रत्येकात शेवटच्या वर्षाला मुलामुलींना वर्षभराचा प्रकल्प करावाच लागतो, आणि त्यातले बहुतेक प्रकल्प बाइंडिंग होऊन ग्रंथालयाच्या फडताळात जातात. एका तालुक्याचे उतार, एका पावसाळ्याचे आकडे, गिरमिटाची पन्नास भोके आणि पायथनच्या दोनशे ओळी, हा त्या वर्षभरात बसणारा प्रकल्प आहे. संगणक प्रयोगशाळा आहेत, सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, आणि डोंगर महाविद्यालयाच्या खिडकीतून दिसतो.